गावाने वाचावे असे वर्तमानपत्र

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात कोलंबिया नावाचे विद्यापीठाचे गाव आहे. तिथल्या राज्य विद्यापीठात १४ सप्टेंबर १९०८ रोजी पत्रकारितेचे स्वतंत्र विद्यालय सुरू झाले आणि त्याच दिवशी विद्यार्थ्यांनी ‘युनिव्हर्सिटी मिसुरियन’ या वर्तमानपत्राचा पहिला अंक काढला. अभ्यासक्रमाची घडी बसायची होती, पाठ्यपुस्तके जवळजवळ नव्हतीच. तरीही आधी शिकवू आणि मग लिहू देऊ, हा नेहमीचा क्रम तिथे कोणी पाळला नाही. अंक विद्यापीठाच्या भिंतीआड वाटण्यासाठी नव्हता. गावाने तो वाचावा, अशीच अपेक्षा होती. विद्यापीठांतर्गत पत्रकारितेचे जगातले पहिले विद्यालय म्हणून मिसुरीचे नाव घेतले जाते. पहिलेपणाच्या मानापेक्षा त्या पहिल्या दिवशीचा निर्णय मला मोलाचा वाटतो. पत्रकारितेचा अभ्यासक्रम चांगला की वाईट, हे विषयांच्या यादीवरून किंवा स्टुडिओतल्या यंत्रांवरून ठरत नाही. विद्यार्थ्याने लिहिलेली बातमी ज्यांच्याविषयी आहे ती माणसे ती वाचतात का, आणि चुकली तर जाब विचारायला येतात का, यावर ते ठरते. मिसुरीचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास या म्हणण्याला आधार देतो आणि त्याच्या मर्यादाही दाखवतो. पत्रकारितेचे वर्ग आता आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत निघाले आहेत, म्हणून तो नीट पाहण्यासारखा आहे.

पत्रकारिता महाविद्यालयात शिकवावी, ही कल्पना १९०८ मध्ये नवी नव्हती. यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली युद्धानंतर व्हर्जिनियातल्या एका महाविद्यालयाचा प्रमुख झाला आणि १८६९ मध्ये त्याने छपाई व पत्रकारिता शिकणाऱ्या तरुणांसाठी शिष्यवृत्त्या सुचवल्या. ती योजना मूळ धरू शकली नाही. पुढची कित्येक वर्षे संपादक मंडळी या कल्पनेची टर उडवत राहिली. पत्रकार जन्मावा लागतो आणि घडायचाच तर छापखान्यात घडतो, असा त्यांचा दावा. मिसुरीत मात्र हा आग्रह प्राध्यापकांपेक्षा संपादकांनीच अधिक धरला. राज्यातल्या वृत्तपत्र संघटनेने विद्यापीठामागे लकडा लावला आणि त्यात पुढाकार होता वॉल्टर विल्यम्स यांचा. १८६४ मध्ये बूनव्हिल या नदीकाठच्या गावात जन्मलेले विल्यम्स पोरवयात छापखान्यात उमेदवारी करू लागले आणि कोलंबियातल्या एका साप्ताहिकाचे संपादक झाले. महाविद्यालयाची पायरी ते कधी चढले नव्हते. असा पदवी नसलेला माणूस नव्या विद्यालयाचा पहिला प्रमुख झाला आणि १९३१ मध्ये चक्क विद्यापीठाचा अध्यक्ष. छापखान्याने काय शिकवले आणि काय शिकवले नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते. हात तयार होतो, वेग येतो; पण इतिहास, अर्थशास्त्र, कायदा यांची बैठक मिळत नाही, आणि चूक का झाली हे थांबून सांगायला तिथे कोणाला वेळ नसतो. विद्यापीठाने ही बैठक द्यावी, छापखान्याने हात द्यावा आणि दोन्ही एकाच छपराखाली असावीत, असे त्यांच्या योजनेचे सार होते.

त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये वेगळ्या वाटेने विचार चालला होता. ‘वर्ल्ड’ या वृत्तपत्राचे धनी जोसेफ पुलित्झर यांनी कोलंबिया विद्यापीठाला पत्रकारितेच्या विद्यालयासाठी वीस लाख डॉलर देऊ केले आणि १९०४ मध्ये ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ या नियतकालिकात दीर्घ लेख लिहून आपली भूमिका मांडली. वकील, डॉक्टर, धर्मोपदेशक यांना शिक्षण लागते. मग लोकमत घडवणाऱ्याला ते का नको, हा त्यांचा सवाल होता. जाहिरात आणि खप यांचे धंदेवाईक शिक्षण मात्र त्यांना नको होते. पुलित्झर १९११ मध्ये वारले आणि विद्यालय १९१२ मध्ये उघडले. त्याने स्वतःचे दैनिक काढले नाही; न्यूयॉर्क शहर हीच आपली प्रयोगशाळा मानली. तिसरी वाट विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या विलर्ड ब्लायर यांची. त्यांनी पत्रकारितेला राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र यांची जोड दिली आणि त्या वाटेवरून पुढे संशोधनाची परंपरा निघाली. चाळीसच्या दशकात विल्बर श्राम यांनी आयोवा आणि इलिनॉय इथे तिला जनसंवादशास्त्राचे रूप दिले. या तिन्ही वाटांनी ज्ञान वाढवले आहे आणि एकीच्या कौतुकासाठी दुसरीला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु पत्रकार घडवणे हे उद्दिष्ट असेल, तर मिसुरीच्या वाटेत जे आहे ते वगळून भागत नाही. पुलित्झर यांच्या विद्यालयालाही विद्यार्थ्यांना शहरात पिटाळावेच लागले.

मिसुरीच्या पद्धतीत असे काय आहे? ‘कोलंबिया मिसुरियन’ या नावाने पुढे चाललेल्या त्या पत्रात संपादक असतात अनुभवी पत्रकार, आणि तेच अध्यापकही असतात. बातमीदार असतात विद्यार्थी. गावात १९०१ पासून ‘डेली ट्रिब्यून’ हे दुसरे दैनिक आहे, म्हणजे विद्यार्थ्यांची स्पर्धा पहिल्या दिवसापासून खऱ्या पत्राशी. नगरपरिषदेची बैठक, शाळा मंडळाचा अर्थसंकल्प, न्यायालयातला खटला, रस्त्यावरचा अपघात ही कामे कोणाला ना कोणाला नेमून दिलेली असतात. परीक्षेत नाव चुकले तर अर्धा गुण जातो. इथे ज्याचे नाव चुकले तो माणूस दुसऱ्या दिवशी फोन करतो आणि दुरुस्ती छापावी लागते. आकड्याची खात्री का करायची, दुसऱ्या बाजूला का विचारायचे, हे व्याख्यानात ऐकून कळते खरे, पण अंगवळणी पडते ते अशा फोनमुळे. विद्यापीठाने १९५३ मध्ये केओएमयू ही दूरचित्रवाणी वाहिनीही सुरू केली. ती एनबीसी या राष्ट्रीय जाळ्याशी जोडलेली, जाहिरातींवर चालणारी, परिसरातल्या घराघरांत दिसणारी वाहिनी आहे, आणि तिच्या वृत्तकक्षात विद्यार्थी काम करतात. क्लिफ्टन एडम यांनी इथे छायापत्रकारितेचे शिक्षण उभे केले आणि १९४९ पासून त्यांच्या कार्यशाळेने छायाचित्रकारांना लहान लहान गावांत नेऊन तिथले रोजचे जगणे टिपायला शिकवले. शोधपत्रकारांची राष्ट्रीय संघटना १९७८ मध्ये याच विद्यालयाच्या आश्रयाला आली, ती सरकारी नोंदी आणि आकडेवारी वाचण्याचे प्रशिक्षण देशभरच्या बातमीदारांना देते. वृत्तपत्र, वाहिनी, छायाचित्र, माहितीचे विश्लेषण अशी साधने बदलत गेली. काम खऱ्या वाचकापुढे ठेवायचे, हा नियम मात्र तोच राहिला.

यावर पहिला आक्षेप जुना आहे आणि मराठीत तो अधिक जोराने घेतला जातो. टिळक, आगरकर कोणत्या पत्रकारिता विभागात शिकले होते? बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढले तेव्हा त्यांच्याकडे कोणती पदविका होती? हे नाकारण्यात अर्थ नाही. पण या नावांकडे जरा जवळून पाहिले तर आक्षेपाची धार बोथट होते. जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक झाले. गणित, इतिहास, भाषा यांतला त्यांचा अधिकार वादातीत होता. ‘केसरी’ १८८१ मध्ये निघाला तो आदल्या वर्षी न्यू इंग्लिश स्कूल काढणाऱ्या मंडळींतून. आगरकर पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. आपल्याकडच्या मोठ्या संपादकांनी पत्रकारितेचे शिक्षण घेतले नव्हते. पण सखोल शिक्षण आणि रोजचे छापखान्याचे काम या दोन्ही गोष्टी त्यांच्या आयुष्यात एकत्र आल्या होत्या. मिसुरीने याच दोन गोष्टी जाणीवपूर्वक एकत्र आणल्या. योगायोगाने एखाद्या पिढीत असे संपादक निपजतात. प्रत्येक तालुक्याला जाणता बातमीदार हवा असेल, तर मात्र योगायोगाच्या भरवशावर बसून चालणार नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि स्वातंत्र्याचा. सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठाने जाहिराती घेऊन खाजगी पत्रांशी स्पर्धा करावी का, हा प्रश्न कोलंबिया गावात सुरुवातीलाच निघाला. त्यावर तोडगा म्हणून वर्तमानपत्राचा व्यवहार विद्यापीठाच्या तिजोरीपासून वेगळा काढून एका स्वतंत्र संस्थेकडे सोपवला गेला. वरवर ही हिशेबाची बाब दिसते, पण तिच्यात मोठा धडा आहे. जो पैसा देतो त्याचीच बातमी करायची वेळ येते, तेव्हा मधे भिंत असावी लागते. २०१५ च्या नोव्हेंबरात वर्णभेदाविरुद्धच्या विद्यार्थी आंदोलनामुळे मिसुरी विद्यापीठ व्यवस्थेच्या अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले. तेव्हा आंदोलनाच्या जागी छायाचित्रे घेणाऱ्या एका विद्यार्थी पत्रकाराला अडवले गेले आणि अडवणाऱ्यांत विद्यापीठाच्या एक अध्यापिकाही होत्या. तो प्रसंग देशभर गाजला. स्वतःच्याच विद्यापीठाची बातमी करण्याचा हक्क ज्या अभ्यासक्रमात नाही, तो विद्यार्थ्याला सत्तेपुढे उभे राहायला शिकवू शकत नाही, कारण त्याच्या अगदी जवळची सत्ता त्याच्या विद्यापीठाचीच असते. विद्यार्थी शुल्क भरतात आणि वर फुकट राबतात, असेही म्हटले जाते. या आक्षेपात तथ्य आहे. श्रेयांक, मार्गदर्शन आणि बायलाइन यांखेरीज जिथे उत्पन्न आहे तिथे मानधनही मिळाले पाहिजे. पण मोठ्या वृत्तपत्राच्या डेस्कवर पत्रके टाइप करत दोन महिने काढणारा प्रशिक्षणार्थीसुद्धा फुकटच राबतो, आणि त्याची कॉपी तपासून देण्याची जबाबदारी तिथे कोणावर नसते.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र मिसुरीच्या स्वतःच्या इतिहासातून येतो. विल्यम्स यांनी १९१४ च्या सुमारास पत्रकाराची एक आचारनिष्ठा लिहिली. वृत्तपत्र हा लोकांनी सोपवलेला ठेवा आहे आणि पत्रकार त्याचा विश्वस्त आहे, असा तिचा आशय. वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये ती कांस्यपटावर कोरलेली आहे. ज्या विद्यालयात ती लिहिली गेली, त्याच विद्यालयाने १९३९ मध्ये लुसील ब्लुफर्ड यांना दारातून परत पाठवले. त्या ‘कॅन्सस सिटी कॉल’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात संपादनाचे जबाबदारीचे काम करत होत्या. पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी त्यांचा अर्ज मंजूर झाला होता. नाव नोंदवायला त्या प्रत्यक्ष आल्या तेव्हा त्यांचा वर्ण दिसला आणि प्रवेश नाकारला गेला. त्या न्यायालयात गेल्या. १९४१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने झुकला, तेव्हा विद्यापीठाने युद्धकाळातल्या घटत्या संख्येचे कारण पुढे करत पदव्युत्तर वर्गच बंद केला. कृष्णवर्णीयांसाठी जेफरसन सिटीच्या लिंकन विद्यापीठात १९४२ मध्ये वेगळे पत्रकारिता विद्यालय काढण्यात आले. ब्लुफर्ड यांना मिसुरीने मानद डॉक्टरेट दिली ती १९८९ मध्ये. रोज खरे वर्तमानपत्र काढणारे, विश्वस्तपणाची शिकवण देणारे विद्यालय तीन दशकांनंतरही आपल्याच राज्यातल्या नागरिकांच्या एका मोठ्या समूहाला वर्गात बसू देत नव्हते. तेव्हा माझ्या म्हणण्याला एक जोड द्यावी लागते. गावाने वर्तमानपत्र वाचणे पुरेसे नाही. गावातले सगळे लोक ते लिहिणाऱ्यांतही असले पाहिजेत. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू करताना याच गोष्टीवर बोट ठेवले होते. त्या वेळची पत्रे विशिष्ट जातींचे हित पाहतात आणि बहिष्कृतांच्या प्रश्नांना त्यांत पुरेशी जागा नाही, हीच त्यांची तक्रार होती.

भारतात विद्यापीठीय पत्रकारितेची सुरुवात उत्साहाची होती, पण तिचा पाया पहिल्यापासून डळमळता राहिला. ॲनी बेझंट यांनी १९२० मध्ये अड्यारच्या राष्ट्रीय विद्यापीठात पत्रकारिता शिकवायला घेतली आणि विद्यार्थ्यांना आपल्या ‘न्यू इंडिया’ पत्रात काम दिले. मिसुरीच्या जवळ जाणारा हा प्रयोग अल्पजीवी ठरला. अलिगढमध्ये १९३८ साली निघालेला वर्गही लवकरच बंद पडला. लाहोरच्या पंजाब विद्यापीठात पी. पी. सिंग यांनी १९४१ मध्ये सुरू केलेला विभाग फाळणीनंतर दिल्लीत आला आणि १९६२ मध्ये चंदीगडला स्थिरावला. म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयात १९५१ मध्ये पत्रकारिता आली, ती रुजवणारे नाडिग कृष्णमूर्ती मिसुरीत शिकून आले होते. १९५२ मध्ये नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात विभाग निघाला. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते, आणि सिराक्यूज विद्यापीठाचे रोलंड वूल्सली तिथे फुलब्राइट प्राध्यापक म्हणून आले. भारतीय पत्रकारितेवर त्यांनी संपादित केलेले पुस्तक पुढे वर्षानुवर्षे वाचले गेले. पुणे विद्यापीठाचा विभाग १९६४ मध्ये सुरू झाला आणि फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत मराठी पत्रकारांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. १९६५ मध्ये दिल्लीत भारतीय जनसंचार संस्था स्थापन झाली, तिच्या आखणीत श्राम यांच्या नेतृत्वाखालच्या फोर्ड फाउंडेशनच्या पथकाचा वाटा होता. अमेरिकेकडून आपण अध्यापक घेतले, पाठ्यपुस्तके घेतली, संवादशास्त्राचे सिद्धांतही घेतले. गावाला बांधलेले वर्तमानपत्र मात्र घेतले नाही.

त्याचे परिणाम आज अनेक विभागांत दिसतात. अभ्यासक्रमात प्रायोगिक अंक असतो. तो वर्षात मोजक्या वेळा निघतो, त्याच्या प्रती विभागात आणि पाहुण्यांना वाटल्या जातात आणि त्याला गुण मिळतात. त्यात कुलगुरूंच्या भाषणाचे वृत्त असते, पण शेजारच्या वस्तीत पाणी का येत नाही हे क्वचितच असते. बाहेर जे घडते ते याहून कठोर आहे. तालुक्याच्या बातमीदाराकडे बातमीबरोबर जाहिरातही मागितली जाते. ज्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीसाठी हात पसरायचा, त्याच्याच कारभाराविषयी त्याला लिहायचे असते. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांच्या लेखांमुळे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि प्रेस कौन्सिलने पुढच्या वर्षी त्याची दखल घेणारा अहवाल केला. हा रोग पत्रकारिता विभागांनी आणलेला नाही आणि एकट्या त्यांच्याने तो बराही होणार नाही. तरीही एक गोष्ट त्यांच्या हातात आहे. जाहिरातदाराला नाही म्हणणे, दबावाचा फोन आल्यावर नोंदी दाखवून बातमीवर ठाम राहणे आणि खरोखर चुकले असेल तर उघडपणे दुरुस्ती करणे, हे विशीत एकदा तरी अनुभवी संपादकाच्या पाठबळाने केलेले असले, तर तिशीत एकट्याने करण्याचे बळ येते. ‘माध्यमांची नीतिमत्ता’ या विषयाच्या उत्तरपत्रिकेतून ते येत नाही.

एवढा खर्च आपल्या विद्यापीठांना झेपेल का, आणि छापील पत्रेच मंदावली असताना नवे वर्तमानपत्र काढण्यात काय हशील, असे विचारले जाईल. उत्तर असे की कागद ही आता अट राहिलेली नाही. एका तालुक्यासाठी संकेतस्थळ, मोबाइलवर जाणारा साप्ताहिक अंक, आठवड्याला एक ध्वनिफीत यांना छापखाना लागत नाही. लागतात दोन-तीन पूर्णवेळ अनुभवी संपादक, आणि तिथेच विद्यापीठे कंजुषी करतात; कायम जागा रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावरच्या अध्यापकांवर विभाग ढकलले जातात. कमी साधनांत काय होऊ शकते याचे उदाहरण देशातच आहे. २००२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये ‘खबर लहरिया’ हे बुंदेली पत्र सुरू झाले, ते चालवणाऱ्या बहुतेक ग्रामीण, दलित स्त्रियांचे शालेय शिक्षणही बेताचे होते. पत्र काढता काढता त्या बातमीदार झाल्या. आपल्या सार्वजनिक विद्यापीठांकडे तर याहून मोठे भांडवल आहे. राखीव जागांमुळे आणि कमी शुल्कामुळे त्यांच्या वर्गात जी मुले-मुली येतात, ती संपादकीय कक्षांत अजून पुरेशी पोचलेली नाहीत. २००६ मध्ये दिल्लीतल्या राष्ट्रीय माध्यमांच्या ३१५ निर्णय घेणाऱ्या पदांची पाहणी झाली, तेव्हा त्यांत एकही दलित किंवा आदिवासी सापडला नव्हता. मिसुरीने ब्लुफर्ड यांना नाकारून जे गमावले, ते आपल्या वर्गात आज बसलेले आहे. त्याच्या हाती फक्त वाचक असलेले पत्र द्यायचे आहे.

म्हणून महाराष्ट्रातल्या प्रत्येक पत्रकारिता विभागाने एक तालुका निवडावा आणि त्याची बातमीदारी किमान दहा वर्षे सोडू नये. ग्रामसभा, पंचायत समिती, प्राथमिक आरोग्य केंद्र, बाजार समिती, तहसील कचेरी यांवर विद्यार्थ्यांच्या एकामागून एक तुकड्या सतत लक्ष ठेवतील. माहितीचा अधिकार कसा वापरायचा, जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प कसा वाचायचा, हे तिथेच शिकवावे. इतिहासाचे आणि समाजशास्त्राचे वर्ग त्याच कामाला जोडावेत. पत्राचा कारभार विद्यापीठ प्रशासनापासून वेगळ्या विश्वस्त मंडळाकडे असावा, म्हणजे कुलगुरूंविषयीची बातमीही त्यात येऊ शकेल. सिद्धांत शिकवू नका, असे माझे म्हणणे नाही. वाचकाचा प्रश्न अंगावर आलेल्या विद्यार्थ्यालाच सिद्धांताची गरज कळते. विभागाचे मूल्यमापन करताना किती जणांना नोकरी लागली एवढेच आपण विचारतो. त्या तालुक्यातल्या किती माणसांनी हे पत्र वाचले, किती दुरुस्त्या छापल्या आणि या बातम्यांमुळे कोणत्या कार्यालयाला उत्तर द्यावे लागले, हेही विचारायला हवे. या प्रश्नांची उत्तरे देऊ शकणारा विभाग पत्रकार घडवतो आहे, असे खात्रीने म्हणता येईल.